ठिणगीच्या मागचा साठा
घरगुती स्थितिक विद्युत उपकरणांच्या पुस्तिकेची प्रस्तावना

मार्गशीर्षात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचा खंडोबा नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि पौष पौर्णिमेची यात्रा झाल्यावर परत येतो. देव नळदुर्गात असतो त्या दिवसांत, आणि पुढे थेट शिमग्यापर्यंत, आपल्या भागातली हवा कोरडी असते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. रात्री दिवा मालवून कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट अंगावरून ओढले की चटचट आवाज येतो आणि निळसर ठिणग्या दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीला हात लावला की बोटाला चटका बसतो. ही स्थितिक विद्युत. तिचे प्रयोग करायला महाराष्ट्रात याहून चांगली हवा शोधायला जायला नको. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की काच, रबर, प्लॅस्टिक यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार निसटून जातो. म्हणून समुद्रकाठच्या गावांत हे प्रयोग वर्षातले बरेच महिने फसतात. तुळजापूर तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत माघातल्या दुपारी ते पहिल्या घासण्यात साधतात. ज्या कोरडेपणाबद्दल आपण कायम तक्रार करतो, तो इथे आपल्या मुलांच्या कामाचा आहे.

राज्य मंडळाच्या सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात स्थितिक विद्युतेचा पाठ आहे. त्यात सुवर्णपत्र विद्युतदर्शी आहे, तडितरक्षक आहे. मुले आकृत्या काढतात, नावे देतात, गुण मिळवतात. पण दोन पत्रे एकमेकांपासून दूर सरकताना पाहिलेली मुले फार थोडी. ही पुस्तिका त्या मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि आयटीआयला गेलेल्या त्यांच्या थोरल्या भावंडांसाठी आहे. घरात, शेतात आणि भंगाराच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपासून हजारो व्होल्ट निर्माण करणारी उपकरणे कशी बनवावीत, हे तिच्यात सांगितले आहे.

‘हजारो व्होल्ट’ हे शब्द ऐकताच घरातली माणसे दचकणार, आणि त्यांचे दचकणे रास्त आहे. आपल्याकडे विजेची ओळख होते ती गावाबाहेरच्या डीपीवरून, विहिरीवरच्या स्टार्टरवरून, वादळात तुटून शेतात पडलेल्या तारेवरून. ओल्या हाताने मोटार चालू करताना, आकडा टाकताना, फ्यूज बसवताना माणसे गेल्याच्या हकिगती गावोगाव आहेत. २३० व्होल्टने माणूस मरतो हे ज्या बापाने पाहिले आहे, त्याच्यापुढे पोराने १५ हजार व्होल्टचे उपकरण ठेवले तर तो ते उचलून उकिरड्यावर टाकेल. त्याला ‘घाबरू नका’ एवढेच सांगून भागणार नाही. २३० व्होल्ट जीव घेतात आणि १५ हजार व्होल्ट नुसता चटका देतात, हे कसे, याचे उत्तर त्याला आकड्यांत मिळाले पाहिजे. ते देणे हे या प्रस्तावनेचे मुख्य काम आहे. ज्याला ते उत्तर कळले, तो प्रयोगही नीट करील आणि स्टार्टरची पेटीही नीट हाताळील.

व्होल्टेज म्हणजे उंची. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या उपळी बुरुजावरून पाण्याचा एक थेंब डोक्यावर पडला तर केस ओले होतात. त्याच किल्ल्यात शिरलेल्या बोरी नदीला पूर आला तर गुडघाभर पाणीही माणसाला वाहून नेते. थेंब उंचावरून आला, पण त्याच्यामागे साठा नव्हता. पुराची उंची गुडघ्याएवढी, पण मागे सगळी नदी होती. विजेच्या बाबतीत हाच प्रश्न विचारायचा असतो: किती व्होल्ट, हे तर विचाराच, पण त्या व्होल्टच्या मागे किती साठा आहे आणि तो संपणार आहे की नाही, हे त्याहून आधी विचारा.

हा साठा मोजता येतो. एखाद्या वस्तूवर किती प्रभार मावतो हे तिच्या धारितेवर ठरते. धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन, ही साठलेली ऊर्जा. उत्तर ज्यूलमध्ये येते. या पुस्तिकेत पुढे येणारी धातूची थाळी १५ सेंटिमीटर व्यासाची आहे. घासलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावरून उचलल्यावर तिची धारिता सुमारे ५ पिकोफॅरड असते. एका फॅरडचे दहा लाख भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख भाग केले, तर जो भाग हाती येतो तो पिकोफॅरड. ही थाळी १५ हजार व्होल्टपर्यंत चढली तरी तिच्यातली ऊर्जा जेमतेम अर्धा मिलीज्यूल होते, म्हणजे ज्यूलचा दोन हजारावा भाग. तो सगळा एका ठिणगीत, सेकंदाच्या अगदी अल्पांशात संपतो. मागून काही येत नाही.

आता घरातल्या सॉकेटचा हिशेब करू. अंगाचा रोध दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शंभर मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. छातीतून जाणारा तीस मिलीअँपिअरच्या वरचा प्रवाह टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच घरात बसवायच्या ईएलसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, ३० मिलीअँपिअर हा आकडा असतो. वरच्या, शंभराहून जास्त मिलीअँपिअरच्या प्रवाहाने अंगात दर सेकंदाला सव्वीस ज्यूल ऊर्जा जाते, थाळीच्या ठिणगीच्या जवळजवळ पन्नास हजार पट, आणि माणूस सुटेपर्यंत ती जातच राहते. सॉकेटमागे डीपी आहे, डीपीमागे उपकेंद्र आहे. तो साठा आपल्या परीने अमर्याद आहे.

तिसरा हिशेब शेतातला. सिंगल फेज पंपाच्या पेटीत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असू शकतो. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे शिखर ३२५ व्होल्टचे असते. त्या शिखरावर कपॅसिटर भरलेला राहिला आणि लाइट गेली, तर त्यात पाच ज्यूलहून अधिक ऊर्जा अडकलेली असते. आपल्या १५ हजार व्होल्टच्या थाळीच्या जवळजवळ दहा हजार पट, आणि तीही ३२५ व्होल्टला. मेन स्विच बंद आहे, लाइट नाही, म्हणून पेटीत बिनधास्त हात घालणाऱ्याला जो झटका बसतो तो इथून येतो. स्थितिक विद्युत शिकलेला मुलगा घरच्यांना हे समजावू शकेल, आणि या पुस्तिकेचा एवढाच उपयोग झाला तरी ती छापल्याचे सार्थक होईल.

ज्यांनी ही विद्या उभी केली, त्यांनाही साठ्याचे हे गणित चटके खाऊनच कळले. सतराव्या शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यांनी गंधकाचा गोळा फिरवून त्यावर हात धरून प्रभार मिळवला. १७२९ मध्ये स्टीफन ग्रे यांनी तो दोऱ्यावरून दूरवर नेता येतो हे दाखवले. तोवर सगळे खेळ निरुपद्रवी होते, कारण प्रभार साठवायला जागा नव्हती. ती जागा १७४५-४६ मध्ये सापडली. पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन शहरात मुशेनब्रुक, या दोघांना स्वतंत्रपणे कळले की पाण्याने भरलेली काचेची बरणी हातात धरून तिच्यात यंत्रातला प्रभार सोडला तर तो साठतो. मुशेनब्रुक यांना बसलेला झटका एवढा होता की फ्रान्सचे राज्य दिले तरी तो पुन्हा घेणार नाही, असे त्यांनी लिहून कळवले. यंत्र तेच, हवा तीच. फरक एवढाच पडला की ठिणगीच्या मागे बरणीभर साठा आला होता. १७४६ मध्येच व्हर्सायला आबे नोले यांनी फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांना हातात हात घालून उभे केले आणि एका बरणीने सगळ्यांना एकदम उडी मारायला लावली. हा प्रयोग आजही हौसेने करून दाखवला जातो. या पुस्तिकेत तो नाही, कारण साखळीतल्या कुणाचे हृदय दुबळे आहे हे उभे करणाऱ्याला ठाऊक नसते.

मराठी माणसांच्या इतिहासातही घर्षणाने प्रभार देणाऱ्या यंत्राला जागा आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या संग्रहात पुस्तके आणि हस्तलिखिते यांच्याबरोबर हवा काढण्याचा पंप, हस्तिदंती सांगाडा आणि विजेचे घर्षणयंत्र असल्याचे तिथे गेलेल्या पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या काळात आपल्याकडे विजेचा दिवा कुणी पाहिला नव्हता, त्या काळात एका मराठी राजाच्या दालनात ठिणग्या पडत होत्या. त्या दालनात मोजक्यांनाच प्रवेश होता. आता तशाच ठिणग्या देणारे यंत्र जिल्हा परिषदेच्या शाळेत, काही रुपयांत, कुणालाही बनवता येते. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्यात अरविंद गुप्ता यांचा वाटा मोठा आहे. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची शेकडो खेळणी बनवून दाखवली आणि ती सर्वांना फुकट खुली केली. मुलाने स्वतः बनवलेले आणि बिघडले तर स्वतः दुरुस्त केलेले उपकरण त्याला जे शिकवते, ते कपाटात कुलूपबंद राहिलेले महागडे उपकरण शिकवत नाही, ही त्यांच्या कामामागची धारणा आम्ही इथे पायाला घेतली आहे.

पुस्तिकेतली उपकरणे साठ्याच्या चढत्या क्रमाने लावली आहेत आणि हा क्रम मोडू नये. सुरुवात विद्युतदर्शीने होते, कारण आधी पाहायचे साधन हवे. काचेची कोरडी बाटली, तिच्या बुचातून उतरवलेली तांब्याची तार आणि तारेच्या टोकाला मिठाईवरच्या वर्खाच्या दोन पट्ट्या. वर्ख एवढा पातळ असतो की नुसता पीव्हीसीचा तुकडा केसांवर घासून जवळ आणला तरी पट्ट्या फाकतात. यात धोका कसलाच नाही. पण इथेच मुलांना कळते की कोणती वस्तू प्रभार धरते, कोणती सोडते आणि बोट लावल्यावर तो कुठे जातो. आपल्या अंगातून तो जमिनीत जातो, हे पहिल्याच दिवशी डोळ्यांनी दिसले पाहिजे.

दुसरे उपकरण म्हणजे वर सांगितलेली थाळी. तिला इलेक्ट्रोफोरस म्हणतात. १७६२ मध्ये स्वीडनच्या विल्के यांनी तिची कल्पना मांडली आणि १७७५ मध्ये व्होल्टा यांनी तिला रूप दिले. खाली अ‍ॅक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा सपाट पत्रा, वर धातूची थाळी, थाळीला प्लॅस्टिकच्या बाटलीची मूठ. पत्रा घासायला आपल्याकडच्या घोंगडीइतके चांगले काही नाही. धनगराच्या मागावरची अस्सल लोकरीची घोंगडी पीव्हीसीवर घासली की पत्र्यावर ऋण प्रभार बसतो. थाळी वर ठेवायची, तिला क्षणभर बोट लावायचे, बोट काढायचे आणि थाळी उचलायची. पत्रा एकदाच घासून थाळी पुन्हा पुन्हा भरता येते. पत्र्यावरचा प्रभार खर्च होत नाही. थाळी ओढून वेगळी करताना आपला हात जे काम करतो, तेच ठिणगीच्या रूपाने परत मिळते. ऊर्जा फुकट मिळत नाही हा धडा इतक्या थोड्या खर्चात दुसरे कोणतेही साधन देत नाही. टेस्टरमधला जुना निऑनचा दिवा थाळीला टेकवला तर क्षणभर लखलखतो, आणि त्याच्या दोन पट्ट्यांपैकी कोणती उजळली यावरून प्रभार धन की ऋण हेही ओळखता येते. हा दिवा टेस्टरमधून सोडवून घ्यायचा, आणि तो टेस्टर पुन्हा कधीही सॉकेटला लावायचा नाही.

तिसरे उपकरण पाण्याचे. १८६७ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी दाखवले की दोन तोट्यांतून थेंब थेंब पडणारे पाणी, दोन धातूची कडी आणि दोन डबे आडवेतिडवे जोडले तर हलणारा एकही भाग नसताना हजारो व्होल्ट तयार होतात. सुरुवातीला एका डब्यावर चुकून आलेला कणभर जादा प्रभार समोरच्या धारेत विरुद्ध प्रभार ओढतो, ती धार दुसऱ्या डब्याला भरते, आणि दोन्ही डबे एकमेकांना चढवत नेतात. ठिबकच्या नळीचे तुकडे आणि तोट्या आपल्याकडे घरोघरी पडलेल्या असतात. पाण्याच्या थेंबातून ठिणगी निघताना ज्याने पाहिली, त्याला आभाळातली वीज पाण्याच्या कणांतून कशी येत असेल, हा प्रश्न आपोआप पडतो.

चौथे उपकरण लायडनची बरणी, आणि पुस्तिका इथे थांबते. प्लॅस्टिकचा जाड पेला, आतून आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, काठापासून दोन बोटे जागा मोकळी. अशा पेल्याची धारिता सुमारे ३०० पिकोफॅरड येते, थाळीच्या साठपट. व्होल्टेज दुप्पट केले की ऊर्जा चौपट होते, म्हणून इथे व्होल्टेजला लगाम घालणे अत्यावश्यक आहे. तो लगाम हवेचाच आहे. कोरड्या हवेत दोन गुळगुळीत धातूच्या पृष्ठभागांमधले एक सेंटिमीटर अंतर ओलांडायला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. बरणीच्या आतल्या आणि बाहेरच्या फॉइलला दोन छोटे गोल मणी जोडून त्यांच्यात ५ मिलिमीटरची फट कायमची ठेवली, तर १५ ते १७ हजार व्होल्टच्या पुढे बरणी भरूच शकत नाही, कारण त्याआधी फटीतून ठिणगी पडून ती रिकामी होते. या फटीसह बरणीतली ऊर्जा पन्नास मिलीज्यूलच्या आत राहते. पुस्तिकेतल्या कोणत्याही उपकरणात याहून अधिक साठा नाही. फट काढायची नाही, दोन बरण्या एकमेकींना जोडायच्या नाहीत, पेल्याऐवजी मोठी काचेची बरणी घ्यायची नाही. दोन-तीन लिटरच्या काचेच्या बरणीत ३० हजार व्होल्टला एक ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठू शकते, आणि अशा चार-पाच बरण्या एकत्र आल्या की जिवाचा धोका सुरू होतो.

बरणी बोटाने रिकामी करायची नाही. पीव्हीसीच्या दांड्यावर वाकवलेली जाड तार घ्यायची, तिचे एक टोक आधी बाहेरच्या फॉइलला टेकवायचे आणि मग दुसरे टोक आतल्या मण्याजवळ न्यायचे. असे करताना दुसरा हात पाठीमागे धरायचा, म्हणजे प्रवाहाला एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जायला वाट मिळत नाही. ठिणगी पडली तरी काम संपत नाही. पेल्याच्या प्लॅस्टिकमध्ये थोडा प्रभार मुरलेला असतो. तो काही मिनिटांनी पुन्हा वर येतो आणि रिकामी वाटणारी बरणी परत झटका देते. म्हणून प्रयोग संपल्यावर आतली आणि बाहेरची फॉइल तारेने जोडूनच बरणी ठेवायची. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत प्लग काढल्यानंतरही वीस-पंचवीस हजार व्होल्ट राहू शकतात, त्यामागेही साठवून धरण्याचा हाच गुण आहे. त्यामुळे भंगारातून आणलेला टीव्ही मुलांनी उघडायचा नाही.

इथेच पुस्तिकेबाहेरच्या गोष्टीही स्पष्ट सांगायला हव्यात. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर, गाडीची इग्निशन कॉइल, डास मारायच्या रॅकेटमधले सर्किट, निऑन पाट्यांचे ट्रान्सफॉर्मर यांपासून ठिणग्या काढायची चित्रणे मोबाईलवर सहज दिसतात. ती पाहून मुलांना वाटते की हे सारे एकाच जातीचे प्रयोग आहेत. दिसायला ठिणगी सारखीच असते, पण मागचा साठा वेगळा असतो. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमागे सॉकेट असते, म्हणजे डीपी असते. तो दोन हजार व्होल्ट देतो आणि थांबत नाही. त्याला हात लागला तर बहुधा दुसरी संधी मिळत नाही. आमचा नियम एका ओळीचा आहे: ज्या उपकरणाची एकही तार सॉकेटकडे, इन्व्हर्टरकडे किंवा कोणत्याही बॅटरीकडे जाते, ते या विषयात येत नाही. इथे ऊर्जा देणारे स्रोत दोनच आहेत, घासणारा हात आणि पडणारे पाणी.

आणखी एक इशारा द्यायलाच हवा, कारण खेड्यात त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अर्ध्या मिलीज्यूलची ठिणगी बोटाला जेमतेम जाणवते. पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणात हवेत मिसळलेली असेल तर तिला पेटायला पाव मिलीज्यूल पुरतो. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. म्हणजे जी थाळी मुलाच्या हाताला निरुपद्रवी, ती पेट्रोलच्या कॅनशेजारी आग लावू शकते. मोटारसायकल उभी असलेल्या पडवीत, सिलिंडरच्या खोलीत, स्पिरिट किंवा सॅनिटायझर उघडे असताना, फटाक्यांची दारू ठेवलेल्या घरात, पिठाच्या गिरणीत किंवा सरकी-कापसाच्या ढिगाशेजारी हे प्रयोग करू नयेत. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्यांच्या जवळ थांबू नये. स्टुलावर किंवा शिडीवर उभे राहून प्रयोग करू नये. ठिणगीने इजा होत नाही, पण दचकून पडल्याने हाड मोडते. मोबाईल दूर ठेवावा, कारण त्यातल्या सूक्ष्म भागांना काही शे व्होल्टही सोसत नाहीत.

आता आभाळाकडे पाहू. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे जातात. देशभरात विजेचे बळी वर्षाला अडीच हजारांहून अधिक असतात आणि त्यांत बहुतेक शेतात राबणारी माणसे असतात. ढगात बर्फाचे स्फटिक आणि गारांचे मऊ कण एकमेकांवर घासून आदळतात, हलके स्फटिक धन प्रभार घेऊन वर जातात, जड कण ऋण प्रभार घेऊन खाली राहतात. घोंगडी आणि पीव्हीसीच्या घासण्याचे हे आभाळाएवढे रूप. साठा मात्र अब्ज ज्यूलच्या घरात पोचलेला असतो आणि प्रवाह तीस हजार अँपिअरच्या आसपास. पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे अजून बोलले जाते. माणूस पायाकडून जन्मला की डोक्याकडून, हे विजेला कळत नाही. तिला उंची, एकटे झाड आणि मोकळे माळरान कळते. विजेचा लोळ दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देते. ते मोबाईलवर असावे. याच संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात तळ ठोकून पर्जन्यछायेतल्या ढगांचा विमानातून अभ्यास केला. आपल्या डोक्यावरचा ढग हा अभ्यासाचा विषय आहे, हे मुलांना सांगायला याहून जवळचे उदाहरण नाही.

ढगातली वीज घरात आणायचा प्रयोग मात्र कोणी, कधीही करायचा नाही. फ्रँकलिन यांचा १७५२ चा पतंग सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट १७५३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान यांनी छपरावरून आणलेल्या दांड्याला मोजमापाचे उपकरण जोडले, आणि वादळात त्या दांड्यातून आलेल्या विजेने ते जागीच गेले. रिखमान अज्ञानी नव्हते, ते त्या काळचे निष्णात विद्वान होते. साठा किती आहे हे मोजण्यापूर्वी ते त्याच्या जवळ गेले. आभाळ भरून आले की आमचे प्रयोग बंद.

मुलांच्या हातात हे देणे योग्य आहे का, असे आम्हाला विचारले जाते. याचे उत्तर अणदूरने फार पूर्वी एका वेगळ्या क्षेत्रात दिले आहे. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी इथे उभ्या केलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने आसपासच्या खेड्यांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. औषध हे मोठ्या डॉक्टरांचेच काम, असे मानणाऱ्या काळात त्यांच्या हाती प्राथमिक उपचार सोपवले. त्यामागे एक शिस्त होती: काय करायचे ते शिका, त्याचे प्रमाण शिका आणि कुठे थांबून रुग्णाला पुढे पाठवायचे तेही शिका. या पुस्तिकेचीही शिस्त तीच आहे. मर्यादा ज्याला नेमकी माहीत आहे, त्याच्या हाती साधन सोपवायला हरकत नाही. मर्यादा न सांगता नुसती बंदी घातली तर मुले मोबाईलवर पाहून एकटीने करतात, आणि अपघात तिथे होतात.

हे शिकून पुढे काय, असेही कुणी विचारील. सोलापूरजवळ फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाची राख धुरातून गाळली जाते ती हजारो व्होल्टने प्रभारित करून आणि पट्ट्यांवर ओढून. तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्स दुकानातले यंत्र प्रभाराच्या आधारे कागदावर शाईची भुकटी बसवते. कारखान्यांत पत्र्याला भुकटीचा रंग असाच लावतात. प्रभारित थेंबांची फवारणी पानाच्या खालच्या बाजूलाही औषध पोचवते. घोंगडी आणि थाळीपासून सुरुवात केलेल्या मुलाला हे सारे परके वाटणार नाही.

शिक्षकांना शेवटची विनंती. प्रत्येक उपकरणाच्या पानावर डाव्या बाजूला एक रिकामी चौकट ठेवली आहे. तिच्यात मुलाने तीन गोष्टी लिहायच्या आहेत: धारिता किती, व्होल्टेज जास्तीत जास्त किती, आणि म्हणून साठा किती मिलीज्यूल. चौकट भरलेली असेल आणि आकडा पन्नासच्या आत असेल तरच उपकरणाला हात लावू द्यावा. सुरुवातीला मुले कंटाळतील, ठिणगी पाहायची घाई करतील. तरीही हा क्रम सोडू नये. काही आठवड्यांनी ती सवय होईल, आणि एक दिवस तेच मूल शेतातल्या पेटीसमोर वडिलांचा हात धरून म्हणेल, थांबा, आधी कपॅसिटर रिकामा करू. ते वाक्य त्याच्या तोंडी यावे, यासाठी आम्ही ही पुस्तिका लिहिली आहे.